आयसीयूतले रेझिस्टन्ट जंतू: पकडायचे कसे, थांबवायचे कसे, ५० ते १०० बेडच्या हॉस्पिटलवाल्यांसाठी

आमच्या आयसीयूत ८ बेड. चार पावसाळ्यांमागची गोष्ट, ३ नंबरवरच्या काकांच्या युरिनमध्ये क्लेबसिएला आला, मेरोपेनेम रेझिस्टन्ट, म्हणजे त्या भारी अँटिबायोटिकला दाद न देणारा. बाहेरूनच घेऊन आले असतील म्हणून आम्ही रिपोर्ट फाइलला लावला आणि कामाला लागलो. पाच दिवसांनी ५ नंबरला तोच, मग ८ नंबरला. सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे कोणतं औषध चालेल ते सांगणारे, कागद शेजारी शेजारी ठेवले तर अगदी झेरॉक्स. आता हे तिघं एकमेकांना भेटलेलेसुद्धा नाहीत, दोघं तर व्हेंटिलेटरवर, मग जंतू गेला कसा? फरशी धुतली, फ्युमिगेशन केलं, एसीचे फिल्टर काढले, काही फरक नाही. शेवटी एका रात्री ड्यूटी नसताना मी स्टूल टाकून नुसती बघत बसले. पहाटे पाचला मावशी आल्या, हातात निळा प्लास्टिकचा मापाचा मग, आणि १ नंबरपासून ८ नंबरपर्यंत सगळ्यांच्या युरोबॅगा, म्हणजे लघवीच्या पिशव्या, त्याच मगात रिकाम्या करत गेल्या, मध्ये मध्ये मग नळाखाली धरून एक हिसका. ग्लोव्हज घातले होते बरं का. तेच ग्लोव्हज, आठही बेडना.

मावशींवर ओरडून काय उपयोग, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि दुसरे सात मग घ्यायचे की नाही हे परचेसवाल्यांकडे तीन महिने पडून होतं. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ३ नंबरचा रिपोर्ट लॅबने शनिवारी दुपारी चारला मेल केलेला. तो सोमवारी सकाळी प्रिंट झाला, अकराला सरांनी राउंडमध्ये बघितला, अँटिबायोटिक बदललं आणि पुढे गेले. औषध बदललं, बेडभोवती काहीच बदललं नाही. लॅबमधून निघालेली गोष्ट बेडपर्यंत पोचायला जो वेळ लागतो ना, त्या वेळात जंतू वॉर्डभर फिरून आलेला असतो. त्यामुळे खाली जे लिहितेय ते औषधांबद्दल कमी आणि ह्या मधल्या वेळाबद्दल जास्त आहे.

मी ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते, त्याआधी नऊ वर्षं आयसीयूत सिस्टर होते. स्वतःची मायक्रोबायोलॉजी लॅब नाही, सॅम्पल बाइकवरून नवी मुंबईला जातात, आणि आयसोलेशन रूम म्हणजे जिथे सध्या सलाइनचे खोके रचलेत ती खोली, अशी जी आपली हॉस्पिटलं आहेत त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. मोठ्या कॉर्पोरेटवाल्यांकडे ह्याची वेगळी टीमच असते, त्यांना ह्याची गरज नाही.

रिपोर्टची भाषा

चार-पाच शब्द नीट माहीत असले की काम भागतं. ईएसबीएल म्हणजे सेफ्ट्रायक्झोनसारखी औषधं फोडणारं एन्झाइम, इ. कोलाय आणि क्लेबसिएलात आपल्याकडे इतकं कॉमन झालंय की कोणी दचकत नाही. सीआरई म्हणजे त्याच घराण्यातले जंतू पण मेरोपेनेम-इमिपेनेमलाही दाद न देणारे, इथे मात्र दचकायचं. आपल्याकडे ह्याच्यामागे जास्त करून एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही दोन एन्झाइम असतात. एनडीएममधला एनडी म्हणजे न्यू दिल्ली, २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये ते सापडलं, तो आधी दिल्लीत ॲडमिट होता, आणि नावावरून तेव्हा बराच गदारोळ झाला. नावाचं सोडा, कामाची गोष्ट अशी की ह्याचा जीन प्लाझमिडवर बसतो, म्हणजे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जातो. त्यामुळे आज ३ नंबरला क्लेबसिएलात दिसलं आणि पुढच्या आठवड्यात ४ नंबरला इ. कोलायमध्ये दिसलं तर जंतू वेगळाय, संबंध नाही, असं म्हणून सोडून देऊ नका.

एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस, माणसाच्या नाकात आणि कातडीवर बसतो. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या जागेवर, बेडच्या रेलिंगवर, मॉनिटरच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे टिकतो. स्युडोमोनासला ओलावा लागतो, सिंक, ह्युमिडिफायरची बाटली, सक्शनचं पाणी. सीआरई आतड्यात राहतो, म्हणजे शी-शू, डायपर, बेडपॅन, युरोबॅग. हे पुस्तकी वाटेल पण शोधायला निघालात की हेच उपयोगी पडतं, जंतूचं नाव वाचलं की आधी कुठे बघायचं ते कळतं. आम्ही त्या वेळी क्लेबसिएलासाठी एसीचे फिल्टर काढत बसलो होतो, ह्यावरून काय ते समजा.

सॅम्पल, म्हणजे जिथे निम्म्या चुका होतात

लॅबला शिव्या घालायच्या आधी आपण काय पाठवतो ते बघू. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी घ्यायचं. सगळ्यांना माहितीये, तरी कॅज्युअल्टीत ताप आणि लो बीपी दिसलं की आधी मेरोपेनेम जातं आणि अर्ध्या तासाने कोणाला तरी कल्चर आठवतं. सेप्सिस असेल तर औषध थांबवून ठेवायचं नाही हे बरोबर, पण दोन जागांहून रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, म्हणून कल्चरच्या बाटल्या सिस्टरच्या स्टेशनवर नकोत, कॅज्युअल्टीच्या क्रॅश ट्रॉलीतच ठेवा, आमच्याकडे एवढ्यानेच फरक पडला.

मोठ्या माणसाला दोन वेगळ्या नसांमधून दोन सेट, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. ३ मिली घालून पाठवलं तर निगेटिव्ह येतं आणि सगळे खूश होतात, ते खरं निगेटिव्ह नसतं. कातडीला अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन लावायचं, ३० सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही, हसू नका, मी पाहिलंय. बाटलीचं झाकण उडवलं की खालचं रबर स्टराइल आहे असं धरू नका, तेही अल्कोहोलने पुसा. आणि ब्लड कल्चरची बाटली कधीच फ्रिजमध्ये ठेवायची नाही, रात्री घेतलं तरी बाहेरच. युरिनचं बरोबर उलटं, दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर फ्रिजमध्येच, नाहीतर दोनाचे दोन लाख होतात. पावसात कापूरबावडी ते माजिवडा ट्रॅफिक तुंबलं की पुढे ऐरोलीचा पूल ओलांडून लॅबला पोचेपर्यंत बाइकवाल्याला दोन तास सहज होतात, त्यामुळे आम्ही युरिन आइसपॅकच्या डब्यात आणि ब्लड कल्चर साध्या पिशवीत अशा दोन वेगळ्या गोष्टी देतो, आणि दोन्हीवर मार्करने मराठीत लिहितो, गार, आणि गार नको.

कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्याचं युरिन बॅगेतून काढायचं नाही, ट्यूबवरच्या पोर्टमधून सिरिंजने काढायचं, आणि कॅथेटर बरेच दिवसांचा असेल तर नवीन घालून मग. फोलीजचं, म्हणजे ह्याच नळीचं, टोक कापून कल्चरला पाठवू नका, त्यावर काही ना काही निघतंच. जखमेचं असेल तर वरवर स्वॉब फिरवण्यापेक्षा आतला पू किंवा टिश्यू पाठवा. रिक्वेस्ट फॉर्मवर किती दिवस ॲडमिट आहे, आधी कुठे ॲडमिट होता आणि कोणतं अँटिबायोटिक चालू आहे एवढं लिहा, लॅबवाल्या मॅडमना त्यावरूनच अर्धी गोष्ट कळते.

लॅबला काय विचारायचं

बाहेरची लॅब लावताना मालक रेट विचारतात, टर्नअराउंड विचारतात, बस. मी सहा-सात प्रश्न घेऊन जाते. पहिला, कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला जंतू, किती वेळा लावता? इ. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्युडोमोनास २७८५३ हे नंबर त्यांनी न अडखळता सांगितले पाहिजेत आणि रजिस्टर दाखवलं पाहिजे. दुसरा, डिस्क, म्हणजे औषधाची टिकली, लावत असाल तर इनॉक्युलम, म्हणजे प्लेटवर पसरायचं जंतूचं गढूळ पाणी, कसं मोजता? उत्तर ०.५ मॅकफारलंड, हे गढूळपणाचं माप, नजरेच्या अंदाजाने नाही. म्युलर हिंटन अगारची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची, जाडी ४ मिमी हवी, प्लेट पातळ ओतली की झोन, म्हणजे डिस्कभोवतीची जंतू न वाढलेली वर्तुळं, मोठे दिसतात आणि रेझिस्टन्ट जंतू सेन्सिटिव्ह होऊन बाहेर पडतो.

एमआरएसए कशाने बघता? सीफॉक्सिटिन ३० मायक्रोग्रॅमची डिस्क, स्टॅफ ऑरियसला झोन २१ मिमी किंवा कमी म्हणजे एमआरएसए. व्हँकोमायसिन डिस्कने बघतो म्हणाले तर नमस्कार करून उठा, स्टॅफला त्याची एमआयसीच, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, काढावी लागते. तसंच कोलिस्टिन. ह्या औषधाचा रेणू इतका मोठा आहे की अगारमध्ये नीट पसरतच नाही, डिस्कवर विश्वास ठेवायचा नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे ब्रॉथ ह्या जंतूंच्या पातळ खाद्यात औषधाची वेगवेगळी प्रमाणं घालून बघणं, लागतं. छोट्या लॅबला ते झेपत नसेल तर एक स्वस्त पद्धत आहे, चार ट्यूबमध्ये १०-१० मिली ब्रॉथ घेऊन त्यात कोलिस्टिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क शून्य, एक, दोन आणि चार अशा टाकायच्या, म्हणजे आपोआप ०, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं, मग कुठपर्यंत वाढतोय ते बघायचं. इ. कोलाय, क्लेबसिएला आणि स्युडोमोनासला ही चालते, ॲसिनेटोबॅक्टरला नाही. आणि सीएलएसआय ह्या अमेरिकन संस्थेचे नियम वापरणाऱ्या लॅबच्या रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे सेन्सिटिव्ह लिहून आलं तर फोन करा, २०२० पासून त्यांच्या टेबलात तो कॉलमच नाही, फक्त इंटरमीजिएट आणि रेझिस्टन्ट.

मेरोपेनेम रेझिस्टन्ट निघाला तर त्यामागे एन्झाइम आहे का हे बघायला एमसीआयएम नावाची टेस्ट आहे, त्याला मशिन लागत नाही म्हणून मला आवडते. २ मिली ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये जंतूचा १ मायक्रोलिटरचा लूप, त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, चार तास ३५ डिग्रीला. मग ती डिस्क काढून साध्या, सगळ्याला सेन्सिटिव्ह इ. कोलायच्या प्लेटवर ठेवायची. जंतूने चार तासांत मेरोपेनेम खाऊन टाकलं असेल तर डिस्कमध्ये काही उरत नाही आणि इ. कोलाय अगदी जवळपर्यंत वाढतो. झोन १५ मिमी किंवा कमी म्हणजे पॉझिटिव्ह, १९ किंवा जास्त म्हणजे निगेटिव्ह, मधल्यात परत बघायचं. सोबत ईडीटीए हे रसायन घातलेली दुसरी ट्यूब लावली आणि तिचा झोन ५ मिमी किंवा जास्त वाढला तर एनडीएमच्या जातीचं एन्झाइम. हे कळलं की आयसीयूच्या सरांना नुसतं सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम देऊन भागणार नाही, ॲझट्रिओनॅमची जोड लागेल, हे लगेच ठरवता येतं, आणि ह्या इंजेक्शनांचं बिल ज्यांनी भरलंय त्यांना त्या एका ट्यूबची किंमत कळेल.

आता सिस्टर लोकांसाठी एक युक्ती. काही जंतू काही औषधांना जन्मजात रेझिस्टन्ट असतात. क्लेबसिएला अँपिसिलिनला सेन्सिटिव्ह, प्रोटियस कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह, एन्टेरोकोकस सेफ्ट्रायक्झोनला सेन्सिटिव्ह असं रिपोर्टवर दिसलं तर एक तर जंतूचं नाव चुकलंय नाहीतर टेस्ट. मी ह्या तीन जोड्या वॉर्डच्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवल्यात. पहिल्यांदा आमच्या सिस्टरने लॅबला असं विचारलं तेव्हा तिकडचा आवाजच बदलला.

फोन

मेल, व्हॉट्सॲप ग्रुप, सॉफ्टवेअरमधला लाल रंग, सगळं ठीक आहे, पण फोन पाहिजेच. लॅबशी लेखी ठरवून घ्या की ब्लड कल्चर पॉझिटिव्ह झालं की ग्रॅम स्टेनसकट (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली जंतू कसा दिसला त्यासकट) लगेच फोन, फायनलची वाट बघायची नाही. मेरोपेनेम रेझिस्टन्ट काहीही, एमआरएसए, व्हीआरई (व्हँकोमायसिनला दाद न देणारा एन्टेरोकोकस), ह्यांनाही फोन, रविवार असला तरी. फोन कोणाला? कन्सल्टंटला नाही, तो ओटीत असतो किंवा तीन हात नाक्याला अडकलेला असतो. वॉर्डच्या शिफ्ट इन्चार्ज सिस्टरला. तिने रजिस्टरमध्ये वेळ, पेशंट, जंतू लिहायचं, परत वाचून दाखवायचं, आणि मग आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरला, आणि मला कळवायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेडभोवतीच्या गोष्टी करायला सिस्टरला कोणाची ऑर्डर लागणार नाही हे हॉस्पिटलच्या मेडिकल डायरेक्टरच्या सहीने लिहून घ्या. आमच्याकडे ह्या एका कागदाला दीड महिना लागला. अँटिबायोटिक सर ठरवतील, पण बोर्ड लावणं, गाऊन ठेवणं, मग-स्टेथो वेगळा करणं हे फोन ठेवल्यापासून एका तासाच्या आत, सर येवोत न येवोत. आता आमच्या रजिस्टरमध्ये दोनच वेळा मी तपासते, फोन कधी आला आणि बोर्ड कधी लागला.

खोली नाही, मग आयसोलेशन कसं

कोपऱ्यातला बेड, शक्यतो सिंकच्या बाजूचा नको. सिंकच्या ड्रेनमध्ये हे जंतू घर करतात आणि नळ जोरात सोडला की मीटरभर शिंतोडे उडतात. हात धुवायचं सिंक आणि घाण ओतायचं सिंक एक असेल तर आधी ते वेगळं करा, आणि सिंकच्या काठावर इंजेक्शनं भरून ठेवायची सवय मोडा. आमच्याकडे टँकरचं पाणी असतं, उन्हाळ्यात प्रेशर कमी, मग लोक उरलेलं सलाइन, डायलिसिसचं, सगळं जवळच्या सिंकमध्ये ओततात.

बेडभोवती फरशीवर पिवळी टेप लावा. टेपच्या आत जायचं तर गाऊन आणि ग्लोव्हज, बाहेर यायच्या आधी दोन्ही काढून हात साफ. आत त्या पेशंटचं स्वतःचं सामान, स्टेथो, बीपीचा कफ, थर्मामीटर, टॉर्च आणि हो, युरिनचा मग. फाइल टेपच्या बाहेर. मोबाइल खिशात. दोन-तीन पेशंट एकाच जंतूचे असतील तर शेजारी शेजारी आणा आणि त्यांना एकच सिस्टर द्या, स्टाफ कमी आहे माहितीये, निदान नाइटला तरी.

एक्स-रेवाला, फिजिओ, ईसीजी टेक्निशियन, डायलिसिसवाला आणि सोनोग्राफीचे डॉक्टर, ही मंडळी सगळ्या बेडना हात लावत फिरतात आणि ट्रेनिंगला कोणालाच बोलावलं जात नाही. एक्स-रेच्या कॅसेटला प्लास्टिकची पिशवी घाला, काढून टाका. आयसोलेशनचा पेशंट राउंडमध्ये शेवटी घ्या. मोठे सर गाऊन न घालता आत गेले तर? मी समोर गाऊन उघडून धरून उभी राहते, बोलत काहीच नाही. दहातले आठ घालतात. उरलेल्या दोघांसाठी मेडिकल डायरेक्टर.

नातेवाइकांना बोर्ड दिसला की धस्स होतं. कोणी म्हणतं एड्स झाला का, कोणी म्हणतं तुमच्याच हॉस्पिटलात लागलं ना. खोटं बोलू नका. मी सांगते की काकू, ह्यांच्या पोटात असा एक जंतू आहे ज्याला नेहमीची औषधं लागत नाहीत, तुम्हाला भेटायला काही हरकत नाही, फक्त आत येताना आणि जाताना हात, बेडवर बसायचं नाही, डबा बेडवर ठेवायचा नाही आणि इथून उठून दुसऱ्या पेशंटची विचारपूस करायला जायचं नाही. हे शेवटचं आपल्याकडे फार असतं, सगळ्या बेडची चौकशी करून येणारे एक काका प्रत्येक आयसीयूबाहेर असतातच.

हात

हे सगळ्यांना पाठ आहे म्हणून थोडक्यात. पेशंटला हात लावायच्या आधी, स्वच्छ प्रोसिजरच्या आधी, रक्त-युरिन असं काही लागल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि नुसतं रेलिंग-मॉनिटरला हात लावून झाल्यावरसुद्धा. हॅण्डरब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हात दिसायला घाण असतील किंवा क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलचा जुलाब असेल तर साबण-पाणीच, त्याच्या स्पोअरला अल्कोहोल मारत नाही. ग्लोव्हज म्हणजे हात धुतल्याची पावती नाही, आठ बेडची गोष्ट वर सांगितलीच.

ऑडिट करताना सांगून जाऊ नका. वीस मिनिटं फाइल लिहितेय असं दाखवून उभं राहायचं, किती वेळा हात करायला हवे होते आणि किती वेळा केले ते मोजायचं. ४० पैकी २२ म्हणजे ५५ टक्के. कोणाचं नाव लिहायचं नाही पण सिस्टर, मावशी-मामा, डॉक्टर असे वेगळे आकडे काढून बोर्डवर लावायचे. डॉक्टरांचा आकडा खाली दिसला की पुढच्या महिन्यात वर येतो, स्पर्धा परीक्षा देऊन आलेली माणसं आहेत शेवटी.

साफसफाई, आणि फ्युमिगेशनचा मोह

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आधी बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग हायपो ४ भाग पाणी म्हणजे १ टक्का, हे रक्त सांडलं तर. रोजच्या पृष्ठभागाला ०.१ टक्का पुरतं, म्हणजे २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी. रोज सकाळी नवीन करायचं, झाकून, उन्हात नाही. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढा, मग हायपो, आणि १० मिनिटं ओलं राहू दे, लावलं की लगेच कोरड्या फडक्याने पुसलं तर नुसता वास राहतो. फिनेल, ॲसिड ह्यात मिसळायचं नाही, ॲसिडने क्लोरीन गॅस होतो. हायपो स्टीलला गंज आणतो, मॉनिटर आणि व्हेंटिलेटरसाठी कंपनीने सांगितलेले वाइप्स. एका बेडचं फडकं दुसऱ्या बेडला नाही, ह्यासाठी रंगाची फडकी घ्या.

फ्युमिगेशन केलं की सगळ्यांना मोठं काहीतरी केल्यासारखं वाटतं. धूर रेलिंगवरची घाण पुसत नाही. तो वेळ आणि पैसा मावशी-मामांच्या ट्रेनिंगला द्या. दर महिन्याला भिंती, फरशी, टेबलाचे स्वॉब पाठवायचा जो रिवाज आहे त्यालाही अर्थ नाही, काहीतरी शोधायचं असेल तेव्हाच विशिष्ट जागेचे घ्या. त्यापेक्षा गोखले रोडवर स्टेशनरीच्या दुकानात मुलांचं न दिसणाऱ्या शाईचं पेन मिळतं आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, ते आणा. दुपारी बेडच्या रेलिंगला, कॉल बेलला, इन्फ्युजन पंपाच्या बटणांना, आयव्ही स्टँडला बारीक ठिपके काढा, एकदा पुसून बघा की शाई निघतेय ना. दुसऱ्या दिवशी साफसफाई झाल्यावर टॉर्च मारा. आमच्याकडे पहिल्या वेळी १० पैकी ७ ठिपके तसेच होते, फरशी मात्र चकाचक. हे मावशींना टॉर्च हातात देऊन दाखवलं, तेव्हापासून त्या स्वतःच टॉर्च मागतात.

जो दिसत नाही तो

कल्चर आपण आजारी माणसाचं करतो. पण सीआरई पोटात घेऊन ठणठणीत फिरणारे पुष्कळ, त्यांना काही होत नाही, शेजाऱ्याला होतं. सगळ्यांचं स्क्रीनिंग आपल्याला परवडत नाही, म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसीयूतून आलेला, गेल्या काही महिन्यांत ॲडमिट राहिलेला, डायलिसिसवरचा, आणि नवीन केस सापडली तर तिच्या आजूबाजूचे, एवढ्यांचा रेक्टल स्वॉब. स्वॉब ५ मिली ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये, त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, रात्रभर ३५ डिग्रीला, दुसऱ्या दिवशी मॅककॉन्की प्लेटवर, गुलाबी वाढला तर पुढे ओळखायचा. रिझल्ट येईपर्यंत पेशंट टेपच्या आतच. स्क्रीनिंगमध्ये आला म्हणून औषध द्यायचं नाही, हे आरएमओंना तीन वेळा सांगा. पोटातला जंतू कोलिस्टिनने जात नाही, किडनी मात्र जाते.

नळ्या आणि औषधं

सकाळच्या राउंडला प्रत्येक बेडपाशी सिस्टरने मोठ्याने विचारायचं, सर, फोलीज आज काढायचा का, लाइन आज काढायची का. नाही म्हणाले तर कारण लिहायचं. कॅथेटरचे दिवस रोज मोजा, महिन्यात ३४० कॅथेटर दिवस आणि २ इन्फेक्शन म्हणजे हजार कॅथेटर दिवसांमागे ५.९. दुसऱ्या हॉस्पिटलशी तुलना करू नका, स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा.

अँटिबायोटिकचं काम डॉक्टरांचं, तरी दोन-तीन गोष्टी आपण हाताने करू शकतो. ७२ तास झाले की फाइलवर पिवळी चिठ्ठी, कल्चर बघितलं का, बंद करायचं, कमी करायचं की चालू? सर्जरीचा डोस चिरा देण्याआधी तासाभरात आणि बहुतेक ऑपरेशनांना २४ तासांत बंद, डिस्चार्जपर्यंत पाच दिवस नाही. डब्ल्यूएचओने औषधांचे ॲक्सेस (आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (राखीव) असे गट केलेत, फार्मसीच्या कपाटाला तसे तीन रंग लावा, रिझर्व्हवालं निघालं की फार्मासिस्टचा मला मेसेज. पेशंटला आधी काय घेतलं ते खोदून विचारा. २०१४ च्या १ मार्चपासून शेड्यूल एच-१ ची औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि केमिस्टने तीन वर्षं रजिस्टर ठेवायचं असा नियम आहे, तरी ॲडमिट होणारे बरेच जण सेफिक्सिमच्या चार गोळ्या खाऊनच आलेले असतात.

वर्षाच्या शेवटी अँटिबायोग्राम, म्हणजे कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के सेन्सिटिव्ह त्याचा तक्ता, काढा, व्हूनेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. एका पेशंटचा तोच जंतू एकदाच मोजायचा, आणि एका जंतूचे ३० नमुने नसतील तर टक्के काढू नका, दोन वर्षांचे एकत्र करा. मालकांशी बोलताना एक अनुभव सांगते. २०१९ मध्ये जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट ह्या रेझिस्टन्समुळे गेली, हा आकडा मी मीटिंगमध्ये सांगितला, सगळ्यांनी मान हलवली आणि पार्किंगचा विषय घेतला. पुढच्या मीटिंगला ८ नंबरच्या पेशंटचे वाढलेले ११ दिवस, पॅकेजच्या बाहेर गेलेलं बिल आणि नातेवाइकांशी झालेली वादावादी एवढंच मांडलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी युरिनचे मग आले.

एका आठवड्यात दोन

एकाच वॉर्डात आठ-दहा दिवसांत तोच जंतू दोघांना आला की आउटब्रेक धरून चाला, नंतर खोटं ठरलं तर बरंच. एक मोठा कागद, उभे बेड नंबर, आडव्या तारखा. कोण कधी कुठे होतं, कोणाला कोणती प्रोसिजर, कोणती सिस्टर, कोणतं मशिन, कोणती औषधाची व्हायल. बुरखोल्डेरिया सेपेशियासारखा जंतू दोघांच्या रक्तात आला तर माणसांकडे बघायच्या आधी सलाइन, मल्टिडोस व्हायल, अँटिसेप्टिकच्या बाटल्या, सोनोग्राफीची जेल बाजूला काढा, तो द्रवांतूनच येतो, अँटिसेप्टिकमध्येसुद्धा जगतो. वॉर्डमधल्या उरलेल्यांचं स्क्रीनिंग करा, नवीन केस थांबेपर्यंत दर आठवड्याला. लॅबला सांगा की जंतू फेकू नका, सांभाळून ठेवा. आणि स्टूल टाकून बसा, दिवसा नव्हे, रात्री आणि पहाटे, जेव्हा कोणी बघत नसतं.

पेशंट हलवताना

आपले पेशंट फिरते असतात. मुरबाड-शहापूरहून सिव्हिलला, तिथून आमच्याकडे, पैसे संपले की कळव्याला, नाहीतर मुंबईला. डिस्चार्ज समरीत पंधरा ओळी सीटी स्कॅनबद्दल आणि जंतूबद्दल एक शब्द नाही, कारण लिहिलं तर पुढचे बेड देणार नाहीत ही भीती. आम्ही समरीच्या पहिल्या पानावर एक चौकट छापून घेतली, कोणता जंतू, कुठल्या सॅम्पलमध्ये, कोणत्या तारखेला, काय सेन्सिटिव्ह. ॲम्ब्युलन्सवाल्या दादांना ग्लोव्हज आणि हॅण्डरब देतो, गेल्यावर स्ट्रेचर पुसायला सांगतो. आणि गाडी माजिवड्याचा ब्रिज चढायच्या आत मी तिकडच्या आयसीयूत फोन लावते, ताई, पेशंट निघालाय, सीआरई आहे पोटात, कोपऱ्यातला बेड बघा आणि युरिनचा मग वेगळा काढून ठेवा.